विशेष नोंद नाही

कल्पना करा, हे काम तुमच्याकडे आलंय. पडद्यावर एक लांबलचक तक्ता आहे. एका ओळीत एक मूल, अशी चारशे बारा मुलं. आई-बाप नसलेली किंवा असून नसल्यासारखी, परक्या कुटुंबांत वाढणारी. नाव, जन्मतारीख, शाळा, ॲलर्जी, सांभाळणारं कुटुंब, असे रकाने. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात वीस वर्षांत ज्याला जे महत्त्वाचं वाटलं ते त्यानं लिहून ठेवलंय. 'कुत्र्याला घाबरतो.' 'डाव्या कानानं कमी ऐकू येतं.' 'गाजर खात नाही, जबरदस्ती करू नये.' आता जुनी प्रणाली बंद होणार आणि नवी येणार. यातलं काय तिकडे न्यायचं आणि काय इथेच टाकायचं, ते सोमवारपर्यंत ठरवायचं. मुलं तुम्ही पाहिलेली नाहीत. पाहणारही नाही.

काय टाकाल?

कुमुदिनीनं नऊ शेरे टाकले. आणि ते तिनं अगदी मनापासून, भलं करतोय या भावनेनं टाकले.

कुमुदिनी जयप्रकाश, वय एकोणतीस. मूळची अकोल्याची, शिकली पुण्यात, पाच वर्षांपासून तोक्योत. राहायला भारतीयांची वस्ती असलेल्या हिगाशी-कसाईत, नोकरी तोयोसुतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. आडनाव ती लावत नाही. पासपोर्टवरही त्या जागी वडिलांचंच नाव आहे. इमारतीतल्या हळदीकुंकवाला नयनाताई दर वर्षी विचारतात, "अगं, जयप्रकाश हे काय आडनाव असतं? आमचं बघ, नुसतं ऐकलं तरी गाव कळतं." कुमुदिनी हसून म्हणते, "म्हणून तर लावत नाही, ताई." बायका हसतात आणि विषय संपतो. निदान तिच्यापुरता तो तिथे संपवलेला असतो.

त्याचं कारण शाळेच्या दाखल्यावरच्या एका रकान्यात होतं. पाचवीत असताना बाईंनी भर वर्गात सांगितलं होतं, "सवलतीचा फॉर्म भरायचाय, तेवढ्यांनी उभं राहा." सहा मुलं उभी राहिली. कुमुदिनी खाली बसली तेव्हा शेजारच्या मुलीनं आपला डबा बोटभर पलीकडे सरकवला होता. बोटभरच. पण ते बोटभर अंतर कुमुदिनीनं अजून मोजून ठेवलंय.

तर तिच्या कंपनीला होक्काइदोतल्या एका बालकल्याण केंद्राचं काम मिळालं. शेऱ्यांची छाननी करताना तिला नऊ ठिकाणी एकच शब्द दिसला, 'आयनू'. बर्फाळ उत्तरेतले मूळ रहिवासी, हे तिला ठाऊक होतं. जपान्यांनी त्यांची भाषा बंद केली, नावं बदलायला लावली, आणि अजूनही पुष्कळ घरांत हे बाहेर सांगत नाहीत, हेही तिनं वाचलं होतं. दहा-बारा वर्षांची पोरं, आधीच परक्या घरात, आणि त्यात हा शिक्का! तिनं ते नऊ शेरे पूर्ण वाचलेसुद्धा नाहीत. वाचणं म्हणजे डोकावणं, असं तिला वाटलं.

बैठकीत तिनं सुचवलं, की हा शब्द ज्या शेऱ्यात आहे तो शेरा नव्या प्रणालीत नेऊ नये. पुढेही कुणी लिहू लागला तर प्रणालीनंच अडवावं. व्हिडिओवर केंद्राचे साहेब होते. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी मान डोलावली.

"आमच्याकडे तशी मुलं आहेत, असं आम्ही तसंही कुठे म्हणत नाही," ते म्हणाले.

तिचे वरिष्ठ मोरिता-सान खूश झाले. "छान लक्षात आणून दिलंत, कुमुदिनी-सान. तुमच्या नावानिशी इतिवृत्तात घेतो."

रिकामा रकाना मात्र साहेबांना आवडत नव्हता. शेरा नसेल तिथे आपोआप 'विशेष नोंद नाही' असं यावं, असं ठरलं. नोव्हेंबरात प्रणाली सुरू झाली.

मार्चच्या मध्यावर कुमुदिनीला तीन दिवस त्या केंद्रात पाठवलं, काही अडचणी सोडवायला. रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडला होता. दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर कापडी गाठोडं, नजर दाराकडे. कुमुदिनी दोनदा तिच्यासमोरून गेली. तिसऱ्यांदा म्हातारीनंच हटकलं.

"तुम्ही नवीन का?"

"मी इथली नाही, आजी. कॉम्प्युटरचं काम करायला आलेय."

"कॉम्प्युटर," म्हातारी म्हणाली, बरेच दिवस ज्याच्याबद्दल ऐकलं तो माणूस समोर आल्यासारखी. "मग मी तुमच्याशीच बोलायला हवं होतं. आतला पोरगा म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये माझे रविवार नाहीत."

तिचं नाव हारु-सान, वय एक्याऐंशी. आत बसलेला पोरगा म्हणजे ओकाबे-सान, एकसष्ट मुलांची जबाबदारी असलेला तरुण अधिकारी. तो ऑक्टोबरात बदलून आला होता. महिनाभरात प्रणाली बदलली. जुने शेरे त्यानं कधी पाहिलेच नव्हते.

"आजी आहे, एवढं दिसतं," त्यानं कुमुदिनीला पडदा दाखवला. "पण भेटीची नोंद नाही. नोंद नसताना मुलीला पाठवलं आणि रस्त्यात काही झालं, तर कोण उभं राहणार? दर गुरुवारी येतात बिचाऱ्या, तासभर बसतात आणि जातात."

हारु-सानच्या नातीचं नाव मिओ, वय दहा. आई वारलेली. आजी एका खोलीत राहणारी, एका दिवसाआड दवाखान्यात जाणारी, म्हणून मूल तिच्याकडे देता येत नव्हतं. सांभाळणारं कुटुंब चांगलं होतं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'विशेष नोंद नाही.'

ॲलर्जीच्या रकान्यात मात्र जानेवारीपासून एक ओळ होती. 'भुवयांचे केस गळतात. मलम सुरू.'

प्रणालीत दर दोन महिन्यांनी फोटो चढवायचा असतो. कुमुदिनीनं ते ओळीनं उघडले. नोव्हेंबरात दोन भुवया. जानेवारीत डावी विरळ. मार्चमध्ये डावी नव्हतीच, आणि उजवीच्या टोकाला बोटाएवढी जागा उघडी पडली होती.

"ही ॲलर्जी नाही," कुमुदिनी म्हणाली. "ही उपटतेय."

ओकाबेनं ते फोटो पुन्हा ओळीनं पाहिले. मग म्हणाला, "पंचवीस तारखेला बैठक आहे. सांभाळणाऱ्या गृहस्थांची कंपनीनं बदली केलीय, इथून पाच तासांवर. मिओला त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचं की इथेच दुसरं कुटुंब बघायचं, ते ठरेल. तिला इथे धरून ठेवणारं कागदावर काही नाही, त्यामुळे..."

"मग आजीबद्दल लिहा ना!"

"लिहिलं होतं. हे बघा." त्यानं पुन्हा टंकलं. 'आजी आयनू...' तेवढ्यावरच लाल चौकट आली: 'क्षमस्व, हा मजकूर नोंदवता येत नाही.' "वरून बंदी असेल असं समजलो आणि सोडून दिलं."

त्या वाक्यात 'क्षमस्व' घालावं की नाही, यावर कुमुदिनीनं तोयोसुत अर्धा तास घालवला होता.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. हारु-सान आपणहून बोलू लागली. आधीच्या अधिकारी सासाकी-सान तीन वेळा तिच्या घरी आल्या होत्या. लिहू का, एवढंच विचारायला. "माझ्या आईनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही, आपण कोण ते. मी तीन आठवडे घेतले. मग म्हटलं, लिही. उद्या पोरीला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून शिवीसारखं कळायला नको. महिन्यातून एका रविवारी यायची, तेही त्यांनी त्याच शेऱ्यात लिहिलं होतं. मला फुची म्हणते ती, आमच्यात आजीला तेच म्हणतात. कापडावर नक्षी शिकत होती. अर्धी झालीय." तिनं गाठोड्यावर हात ठेवला, सोडलं नाही. "ते कुणी पुसलं, तुम्हाला तरी कळलं का?"

"मी पुसलं, आजी."

हारु-सान बाकावर तिच्याकडे वळली. "का?"

"तुमच्या भल्यासाठी."

म्हातारी हसली. त्या हसण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "माझ्या आजीलाही असंच सांगितलं होतं म्हणे. शाळेतून साहेब आले होते."

दुपारच्या सुट्टीत कुमुदिनीनं अकोल्याला फोन लावला. जयप्रकाश नुकतेच आंघोळ करून पेपर वाचत बसले होते.

"काहून गं, या वेळेला?"

तिनं सगळं सांगितलं. त्यांचं पहिलं उत्तर तिला पाठ होतं, तसंच ते आलं. "बरोबरच केलंस तू. रकाना नसलेलाच बरा. मी काय कमी भोगलं?"

"पण ती आजी म्हणतेय, लिहा."

"म्हणतेय?" पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. "मग तू आधी विचारलं होतंस का तिला?"

"नाही."

"मलाही कोणी विचारलं नव्हतं, बाई," ते हळूच म्हणाले. "त्याचाच तर राग होता ना आपला."

मोरिता-सान फोनवर आवाज न चढवता अडून बसले. जुने शेरे परत आणता येणार नाहीत. ग्राहकानं पुसायला मंजुरी दिलीय, जुना सर्व्हर एकतीस मार्चला कोरा होणार. लाल चौकट काढता येईल, पण प्रस्ताव कुमुदिनीच्याच नावावर आहे. तो मागे घ्यायचा तर लेखी कारण हवं.

"तांत्रिक चूक, असं लिहा," ते म्हणाले. "कुणी पुढे विचारणार नाही."

ती लिहायला बसली. 'तांत्रिक चूक' एवढे दोन शब्द टंकून झालेही होते. मग ते खोडून तिनं लिहिलं: 'माझ्या देशात अशा एका रकान्याचा त्रास मला स्वतःला झाला. त्यावरून या मुलांनाही तसाच त्रास होईल, असं मी ठरवलं. त्यांना आणि त्यांच्या माणसांना विचारलं नाही. ही चूक माझी आहे.' पाच वर्षांत जे हिगाशी-कसाईत कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिनं सरकारी नमुन्यात भरून पाठवलं. दोन तासांनी मंजुरी आली. केंद्राच्या साहेबांनी फक्त विचारलं, "बाकीच्या आठांचं काय?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कुणी मागायला आलं, तर बघू."

पुढच्या दिवशी शुक्रवार होता. ओकाबेनं निरोप पाठवून हारु-सानला बोलावलं. ती सांगत गेली, तो टंकत गेला. शेवटी त्यानं तिला वाचून दाखवलं. 'आजी आयनू. मुलगी तिला फुची म्हणते. महिन्यातून एका रविवारी आजीकडे न्यावे, तिथून आल्यावर झोप नीट लागते. नोव्हेंबरपासून भेट बंद, तेव्हापासून भुवया उपटते, ही ॲलर्जी नाही.'

"कोण वाचणार हे?" हारु-साननं विचारलं.

"बैठकीत मी वाचेन," ओकाबे म्हणाला.

"आणि तुमची बदली झाली की?"

त्यानं कुमुदिनीकडे पाहिलं. कुमुदिनी नजर टाळून पडद्याकडे पाहू लागली.

पंचवीस तारखेला ओकाबेनं खरंच वाचलं. पण पुन्हा घर बदलणं मिओला झेपणार नाही, असं बैठकीत ठरलं. तिनं त्या कुटुंबाबरोबर जावं, आणि महिन्यातून एका रविवारी तिला आगगाडीनं आजीकडे आणायची जबाबदारी तिथल्या केंद्राची. एक एप्रिलला मिओची फाइल, हीच प्रणाली वापरणाऱ्या, पाच तास दूरच्या केंद्रातल्या एका अनोळखी अधिकाऱ्याच्या नावावर गेली. त्याच दिवशी ओकाबेचीही बदली झाली, पाणीपट्टीच्या खात्यात. जुना सर्व्हर ठरल्याप्रमाणे आदल्या दिवशी कोरा झाला होता. बाकीच्या आठांपैकी कुणीही मागायला आलं नव्हतं.

कुमुदिनी आता तोयोसुत आहे. देखभालीचं काम तिच्याकडेच असल्यामुळे कोणती नोंद कुणी कधी उघडली, हे तिला दिसतं. त्यापलीकडे विचारायचा अधिकार तिला नाही, तिकडे फोन करायचा तर मुळीच नाही. मिओचा शेरा नव्या अधिकाऱ्यानं नऊ एप्रिलला, सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी उघडला आणि चार सेकंदांनी बंद केला. त्यानंतर कुणीही उघडलेला नाही. एप्रिलच्या चारही रविवारांपुढे भेटीची नोंद नाही. मेचे दोन रविवार झाले. पुढचा फोटो महिनाअखेरीस चढवायचाय.

तिनं घड्याळ लावून स्वतः तो मजकूर वाचून पाहिला. तिला सतरा सेकंद लागले. पण तिचं जपानी ते परक्याचं जपानी. म्हणून तिनं काही न सांगता शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तेवढ्याच लांबीचा दुसरा एक मजकूर वाचायला दिला. तिला नऊ लागले. सवयीच्या माणसाला, रोज असे साठ कागद डोळ्यांखालून घालणाऱ्याला, किती लागत असतील?

चार सेकंदांत त्यानं ते वाचलं असेल का?