परदेशी निघालेला एक्स-रेवाला

सव्वीस वर्षं मी रुग्णालयात एक्स-रे काढले. माणसाला टेबलावर निजवायचं, "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची. माणूस आरपार कळतो तो आपल्यालाच, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दूरदेशीच्या एका छोट्या रुग्णालयात दोन वर्षं विनावेतन काम करायचा अर्ज भरला. तिथल्या लोकांना काम शिकवायला म्हणून.

बायकोची शाळेतली नोकरी होती, ती सुट्टीत तिकडे येणार होती. तिनं एवढंच म्हटलं, "सेवा जरूर करा. पण आधी स्वतःचं ताट उचलायला शिका."

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघर माझ्यावर सोपवलं. मी बटाटे उकडायला ठेवले आणि पेपर वाचत बसलो. पाणी आटलं, बटाटे करपले, पातेलं काळंठिक्कर पडलं. मी पातेल्याला दोष दिला. लेकीनं शांतपणे घासणी माझ्या हातात दिली.

मग सहा आठवड्यांचा तयारी वर्ग सुरू झाला. आम्ही आठ जण. बाकीचे सगळे पंचविशीच्या आसपासचे, मला पहिल्याच दिवशी 'काका' करून मोकळे झाले. भाषा शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला सांगून टाकलं की मला तिथे गप्पा मारायच्या नाहीत, 'घ्या, धरा, सोडा' या तीन शब्दांत माझं काम भागतं. तिनं ते तीन शब्द वहीत लिहून दिले.

पुढच्या आठवड्यात वर्ग घ्यायला एक निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांची बारा वर्षं परदेशातच गेली होती. त्यांनी मला पाठीमागे नाड्या बांधायचा झगा घालायला लावला, टेबलावर निजवलं आणि त्या परक्या भाषेत भराभरा सूचना द्यायला लागल्या. अगदी मी देत असे तशा, दुसरीकडे बघत. 'धरा' मला कळलं. 'सोडा' त्या कधी म्हणाल्या ते कळलंच नाही. मी श्वास धरून पडून राहिलो. तोंड लाल झालं. काकांचा अभिनय बरा आहे, असं पोरांना वाटलं. शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी खोकत उठून बसलो, तर झग्याच्या नाड्या सुटलेल्या.

सगळे हसले, मीही हसलो. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"तुमच्या टेबलावर असं किती जणांचं झालं असेल?" त्यांनी विचारलं.

मला एक आजीबाई आठवल्या. खांद्याच्या एक्स-रेला आलेल्या. सारख्या हलत होत्या, काहीतरी सांगू बघत होत्या. मी त्यांना दोनदा दरडावलं आणि कागदावर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' त्यांना टेबलावर झोपताच येत नव्हतं, उभं राहून काढला असता तर निभावलं असतं, हे मला नंतर दुसऱ्याच कुणाकडून समजलं होतं. हे मी वर्गात बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "लक्षात आहे ना? मग जा तिकडे."

पण जाणं इतकं सोपं कुठलं. वर्गाच्या शेवटी झालेल्या भाषेच्या परीक्षेत आठांपैकी सात पास झाले. आठवा कोण, ते सांगायला नको. माझं जाणं चार महिने लांबलं. इकडे मी रुग्णालयात निरोपाचं लांबलचक भाषण ठोकून आलो होतो. बाजारात जुने सहकारी भेटले की विचारत, "अजून इथेच?" मी पिशवी सावरत भाजीचे भाव विचारायला लागायचो.

भाषेच्या मुलीकडे मी पुन्हा गेलो, या वेळी शिकायला. 'दुखतंय का?', 'कुठे?', 'सावकाश होऊ द्या' ही वाक्यं तिनं आधी पाठ करून घेतली. काठावर पास झालो.

या दूरदेशी येऊन आता सतरा महिने झाले. आल्या आल्या कळलं की इथलं यंत्र आमच्याकडच्यापेक्षा नवं आहे, आणि ते चालवणारी तंत्रज्ञ माझ्याहून हुशार आहे. शिकवायला आलेल्या मला तिनंच तीन आठवडे शिकवलं. बायको सुट्टीत आली तेव्हा दोघींची गट्टी जमली, माझ्यावर हसण्यावरूनच.

परवा ती तंत्रज्ञ रजेवर होती आणि विभाग एकट्या माझ्यावर होता. दुपारपर्यंत अकरा जण आले, एकाचाही एक्स-रे पुन्हा काढावा लागला नाही. घरी फोन करून हे मी बायकोला सांगितलं. मग फोन लेकीला द्यायला लावला आणि तिलाही सांगितलं.