लाल ओळींचं मराठी

दोन दिवस मी नेटला शिव्या घालत होते. सॉफ्टवेअर टाकायला गेलं की स्क्रीन लाल ओळींनी भरायची, आणि मी त्या न वाचताच पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

शेजारी आई हळकुंडं निवडत होती. "काय म्हणून राहिलं ते? मराठीत सांग," ती म्हणाली.

मी चिडून शेवटची ओळ सांगितली, "कच्चा कोड आलाय, पण त्याचं चालणारं सॉफ्टवेअर बनवणारा कंपायलरच न्हाई."

"म्हंजे रानातून हळद आली अन् घरात शिजवायची कढईच न्हाई. मग नेटला काहून शिव्या देऊन राहिलीस?"

कंपायलर टाकला, सॉफ्टवेअर मुकाट्यानं बसलं. आता लाल ओळी दिसल्या की मी त्या मोठ्यानं मराठीत सांगते, आई रानात गेलेली असली तरी.