सासूच्या तोंडाला कुंकू

बहिरूच्या नावावरून साइटवर रोज थट्टा व्हायची. ‘नाव बहिरू, पण कान सदा सासूकडं!’ म्हणत बिगारी खिदळायचे. ही सासू म्हणजे बहिरू चालवायचा त्या लिफ्टच्या खांबावरची एक इलेक्ट्रॉनिक डबी. विटा-सिमेंट वर नेणाऱ्या पाळण्यात वजन जास्त झालं, की तिचा लाल दिवा लागायचा आणि ती टीं टीं करून कान किटवायची. दिवसभर टोचून बोलणारीला दुसरं काय नाव देणार?

दोन हजार चार साल होतं. गंगापूर रोडला सात मजली इमारत उठत होती. डबी बसवली ती तिथल्या इंजिनिअर किशोर साहेबांनी. आधीच्या एका साइटवर त्यांनी पाळणा कोसळताना पाहिला होता. बाकीच्यांना ती कटकट वाटायची, कारण वजन कमी म्हणजे खेपा जास्त. बहिरूला मात्र ती देवासारखी. पेठकडच्या डोंगरातून तो बायकोला घेऊन कामाला आला होता, आणि त्याची कुसाबाई नेमकी पाळण्यात विटा भरायची. पाळणा सुटलाच तर पहिली तीच सापडेल, ही धास्ती त्याच्या मनातून जात नसे.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. बहिरूने हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि भक्तिभावाने सासूच्या तोंडाला, म्हणजे आवाज येतो त्या भोकांना, चांगलं थापलं. वर झेंडूची जाड माळ घातली.

“सासूबाई नटल्या गं!” कुसाबाई हसली.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. रोज सकाळी डबीचं तपासायचं बटण दाबलं की सासू एकदा ‘टीं’ करायची, मगच बहिरू दांडा ओढायचा. त्या दिवशी ती बोललीच नाही.

“आज सासू गप हाय,” तो चाचरत म्हणाला.

“काल मानपान झाला ना, म्हून खूश हाय!” विटा भरणारी सखुबाई म्हणाली. सगळे हसले. तोही हसला, आणि तिथेच चुकला.

सासूची भीती नाही म्हटल्यावर बायकांनी विटा जास्तच रचल्या. पाळणा पहिल्या मजल्याशी जाऊन कुरकुरला, ब्रेक सुटला आणि सगळं धाडकन खाली आलं. कुसाबाई मागे सरली, पण उजवा पाय सापडला. पायाची दोन बोटं गेली.

किशोर साहेबांनी माळ उचलली, तर खाली लाल दिवा पेटलेलाच होता. भोकांत कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. बहिरू तिथेच फतकल मारून लहान पोरासारखा रडला. दवाखान्यात त्याने बायकोला स्वतःच सांगितलं, “माज्याच हातानं बुजवलं तिचं तोंड.” कुसाबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या दसऱ्याला नवे बिगारी पूजेचं ताट घेऊन आले, तेव्हा बहिरू डबीला पाठ लावून उभा होता.

“सरका की. सासूला कुंकू लावू द्या,” एक जण म्हणाला.

कुसाबाई लंगडत पुढे आली आणि तिने ताट काढून घेतलं.

“सासूला पुजू नये बाबा,” ती म्हणाली, “तिचं आयकावं.”

मग तिने बटण दाबलं, आणि ‘टीं’ ऐकल्यावरच लिफ्टच्या खांबाला, पार खाली, कुंकवाचं बोट लावलं.