अक्षरावर तुरीचा दाणा

गंगम्माचं माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. तिथं चार बुकं शिकून ती लातूरच्या चंद्रप्पा किराणावाल्याच्या घरात सून म्हणून आली, तर इथं बायकांना अक्षराचं वावडं. निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढायची तर परवानगी हवी, आणि मराठी शाळेला ती मिळेपर्यंत माणसाचे केस पिकायचे. गंगम्माने परवानगी मागितलीच नाही. बाई मोठी बिलंदर!

बार्शीहून छोट्या आगगाडीने दुकानाचा माल यायचा, त्याला मराठी वर्तमानपत्रं गुंडाळलेली असायची. गंगम्मा ती हाताने सारखी करून परसात अंथरायची आणि भोवती शेजारणी तूर निवडायला बसायच्या. "आज 'म' हुडका गं," ती म्हणायची. जिला जिथं 'म' दिसेल, तिथं तिने तुरीचा दाणा ठेवायचा. दाणे ठेवता ठेवता बाया बोट ठेवून ओळी वाचायला लागल्या. पाटी नाही, खडू नाही, छडी तर नाहीच. अशी शाळा चालवायला काळीज लागतं, आणि ते गंगम्माकडे होतं.

पण एक घोटाळा झालाच. तेलाच्या घाण्यावरची महानंदा कामं उरकून उशिरा यायची, तेव्हा कागदाच्या पलीकडची बाजूच तेवढी रिकामी असायची. रोज समोरून पाहून पाहून ती वाचायला शिकली खरी, पण उलटं! सुलटा कागद दिला की आधी फिरवून घ्यायची. बाया हसून लोळायच्या. गंगम्माला मात्र ते फार लागलं. माझ्याच हातनं पोरीचं वाटोळं झालं, असं तिने मनाला लावून घेतलं. मग तिला शेजारी बसवून "सुलटं धर गं, सुलटं!" असा रोज धोशा लावला. शेवटी अडखळत का होईना, महानंदा सुलटं वाचायला लागली.

आणि कुणीतरी चुगली केली. एका दुपारी पोलिसांचा अमीन थेट परसात येऊन उभा राहिला.

"मदरसा चलारें क्या यहाँ?"

मदरसा म्हणजे शाळाच, हे गंगम्मा जाणून होती. आता दुकानाला टाळं लागणार, आणि या बायांना पुन्हा कुणी उंबरा ओलांडू देणार नाही.

"न्हाई साहेब, तूर निवडायलोत," ती कशीबशी म्हणाली.

अमीनाने दाणे झटकून कागद उचलला. त्याला मराठी येत नव्हती, पण तो खुळा नव्हता. समोरच महानंदा बसली होती. तिच्या हातात कागद देऊन तो म्हणाला, "पढो." वाचणाऱ्याचे डोळे लपत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

कागद सुलटाच होता. जाहिरातीच्या चित्रातला पागोटेवाला शेठ हसत होता. महानंदाने कागद सावकाश फिरवला. शेठ डोक्यावर उभा राहिला आणि ती त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत बसली.

अमीन पोट धरून हसला. "अरे, इसको तो कागद पकडना बी नै आता!" असं म्हणत तो आला तसा गेला.

गंगम्माने परसाचं दार लावून घेतलं. मग कागद तसाच उलटा धरून महानंदाने कालचा राहिलेला धडा सुरू केला. "सीना नदीला मोठा पूर. गाड्या बंद." कुठंही न अडखळता ती घडाघडा वाचत गेली.

सवयीने गंगम्माचा हात कागद फिरवायला पुढे झाला. तिने तो मागे घेतला आणि पदराने डोळे पुसले.

"ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली, "तसंच वाच."