खड्ड्याखालचे सेकंद

नव्वदच्या दशकात मी काष्टीहून एसटीनं कॉलेजला जायचे. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांना स्वतःच्या एका तक्त्याचा भारी अभिमान होता. पेशी बाहेरचा ऐवज आत कसा घेते, याचा तो तक्ता. पेशीचं पटल आत वाकतं, आतल्या बाजूनं त्याच्यावर प्रथिनांचं अस्तर वाढत जातं, खड्डा खोल होतो आणि शेवटी त्याची पिशवी होऊन आत सुटते. सरांनी कुठल्याशा पुस्तकातल्या फोटोंच्या झेरॉक्स उथळ ते खोल अशा ओळीनं चिकटवल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याखाली सेकंद लिहिले होते. जणू स्वतः घड्याळ घेऊन बसले होते!

फोटो मेलेल्या पेशींचे. एकच खड्डा दोनदा कधी दिसत नाही. मग वेग कळला कसा? मी विचारलं, तर सर म्हणाले, "परीक्षेत इचारत्यात ते आकडे. पाठ कर." वर्गानं मुकाट्यानं पाठ केले. मला त्या वर्गाचीही चीड यायची. सरांएवढा आळशी आणि एवढा ठाम माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मला पुण्याला एम.एस्सी. करायचं होतं. त्यासाठी प्रथम वर्ग हवा होता आणि तो आता तोंडी परीक्षेवर अडला होता. बाहेरून आलेले परीक्षक सरांच्या घरचं जेवण जिरवत बसले होते. त्यांनी विचारलं, "खड्डा वाकायला किती वेळ लागतो?"

"एका फोटोवरून सांगता येणार नाही, सर. पण पुष्कळ फोटोंत कुठली अवस्था जास्त वेळा दिसते ते मोजलं, तर अंदाज येतो. कारखान्यावर उसाच्या गाड्या वजनकाट्यापाशी तुंबलेल्या दिसल्या, की वेळ तिथंच जातो हे कळतं ना, तसं. मोठी सपाट अस्तरंच जास्त दिसली, तर अस्तर आधी वाढतं आणि वाकणं रखडतं."

परीक्षकांनी भिंतीवरच्या सरांच्या तक्त्याकडे बोट केलं. "ऊस राहू दे. तिथं लिहिलंय ते सांग."

"ते कुणी मोजलेलंच नाही."

"लई शहानी हाय ती," मागून सर म्हणाले आणि दोघं हसले.

प्रथम वर्ग थोडक्यात हुकला. पुणं राहिलं ते राहिलंच.

पावसाळ्यात बी.एड.साठी दाखला आणायला गेले. प्रयोगशाळेचं छत गळून तक्त्यावरची शाई उतरली होती. सरांनी मोठ्या उत्साहानं हाक मारली. "बरी आलीस. तुझं अक्षर चांगलं हाय. तेवढे सेकंद परत लिहून दे."

"कुठले आकडे होते, सर?"

"ते कोन ध्यानात ठेवतंय? टाक कायबी. चढते असले म्हंजे झालं."