ओढ्याच्या खालच्या अंगाला नागासाकी

ज्याला नागासाकी शहराचा इतिहास तोंडपाठ आहे आणि ज्याने जन्मात समुद्र पाहिलेला नाही, असा माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात एकच होता. आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा सासरा होता. वालूरला त्यांची कापसाची आडत होती. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बाराबंदी, आणि तोंडात सदा जपान. गाव त्यांना आप्पा म्हणे. लढाईच्या आधी एका हंगामात कापूस पाहायला आलेला एक जपानी व्यापारी सेलूच्या जिनिंगमध्ये मुक्कामाला होता. आप्पा गाड्या घेऊन तिथे जात आणि दोघे आपापल्या मोडक्या हिंदुस्थानीत तासन् तास गप्पा मारत. हंगाम संपल्यावर पाहुणा म्हणाला, "एकदा आमच्या गावी या." असे कोणीही म्हणते. आप्पांनी मात्र ते खरे धरले, आणि समोरच्या शिंप्याकडे प्रवासासाठी काळा लांब कोट शिवायला टाकला.

तेव्हापासून नागासाकी हे आप्पांचे गाव झाले. जपानने दोनशे वर्षे परक्यांना दारे बंद केली होती, तेव्हा तिथे एका उघडलेल्या घडीच्या पंख्याच्या आकाराच्या बेटावर तेवढे गोरे व्यापारी ठेवले होते, हे पाहुण्याने सांगितले मात्र, आप्पांनी घरचा चौकोनी ओटा पाडून पंख्यासारखा बांधून घेतला. वसुलीला आलेले गिरदावर, जमादार, सगळ्यांना तिथेच बसवायचे. "आमच्यात परदेशी पावणा बेटावरच ऱ्हातो, साहेब. आत यायची रीत न्हाई," असे म्हणत चहा मात्र अगत्याने बाहेर पाठवायचे. ओट्याच्या निमुळत्या टोकाला बसलेला माणूस हमखास खाली घसरे. तिथल्या प्रसिद्ध मिठाईचे वर्णनही ते असे करत की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. फक्त तिच्यात अंडी असतात इथपर्यंत आले, की दोन्ही कानांना हात लावून "शिव शिव" म्हणत आणि तिथल्या दोन कमानींच्या पुलाकडे वळत. पाण्यात सावली पडली की तो पूल चष्म्यासारखा दिसतो म्हणे. वालूरच्या ओढ्यावरची एका कमानीची मोरी दाखवून आप्पा हळहळत, "आपला एकडोळ्या."

ओढ्यावर तर त्यांची कडक नजर असे. कोणी बैल पाण्यात घातला, की आप्पा काठावरून ओरडत, "घाण करू नगंस! खालच्या अंगाला माझा मैतर ऱ्हातो!" ओढा दुधनेला मिळतो, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, गोदावरी समुद्राला, आणि समुद्राच्या काठाला नागासाकी. यात चूक कुठे आहे हे मला बी. ए. होऊनही सांगता आलेले नाही.

मी बी. ए. झालो तोही नागासाकीमुळेच. आम्ही पेडगावचे, जमीन थोडी, घरात सही करणारा कोणी नाही. मॅट्रिकनंतर वडील मला औताला जुंपणार होते. आप्पा मुद्दाम गाडी जोडून आले. "इवाई, सगळ्या मुलखाची दारं बंद असतानी आमच्या नागासाकीत परदेशातून पुस्तकं यायची. लांबलांबून पोरं तिथं शिकायला यायची. त्यांचे बाप येडे व्हते का?"

वडील गोंधळले. "मंग काय, ह्याला जपानला धाडू म्हन्ता?"

"न्हाई हो. हैद्राबादेत भागंल."

जपानपुढे हैद्राबाद वडिलांना एकदम जवळ वाटले, आणि मी कॉलेजात गेलो. त्या माणसाचे उपकार मी कोणत्या शब्दांत सांगू?

मग लढाई पेटली. जपान शत्रू झाला. ताईच्या सासूबाईंनी हात जोडले, "आता तरी त्या गावाचं नाव घेऊ नका, पोलीस धरून नेतील." आप्पा कोटाला डांबरगोळ्या घालत आणि म्हणत, "लढाई सरली की निघायलोच." समोरचे शिंपी रोज म्हणत, "आप्पा, कसर लागायलीय की हो कोटाला. आदी नांदेड तरी बघून या."

"नांदेडाला समुद्र हाय का?" आप्पा विचारत.

श्रावणात मी ताईकडे निघालो होतो. सेलूच्या स्टेशनावर वर्तमानपत्र हाती पडले. एका बॉम्बने शहर बेचिराख, आणि शहराचे नाव ते. वालूरपर्यंतची वाट मला कधी इतकी लांब वाटली नाही. आप्पांना मीच वाचून दाखवले. ते म्हणाले, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचले. मग ते उठून ओट्याच्या निमुळत्या टोकावर जाऊन बसले.

संध्याकाळी समोरचे शिंपी आले आणि घरात मयत झाल्यावर बसतात तसे खाली मान घालून बसले. मागोमाग वाणी आला, आळीतली माणसे आली. ओटा भरला. शेवटी शिंपी म्हणाले, "आप्पा, तुमच्या गावची रीत आमाला म्हाईत न्हाई. तुमी सांगा, तसं करू."

आप्पा म्हणाले, "मानूस गेलं की ते घर नाव बांधतं. दिवा लावून, वाजतगाजत समुद्राकडं नेत्यात." मग म्हणाले, "ज्या घरात न्यायला कोन ऱ्हायलं न्हाई, त्याची कोन बांधंल?"

दुसऱ्या दिवशी कापसाच्या वाळल्या पळाट्यांची नाव गावाने बांधली. शिंप्यांनी शिडाला कापड दिले, ताईच्या सासूबाईंनी दिवा ठेवला. दिवेलागणीला आप्पा बाहेर आले ते काळा कोट घालून. शिंप्यांचा हात सवयीने शिवणीवर गेला. "खांद्यात सैल झाला, आप्पा."

"असू दे. कोन बघायलंय आता."

झांजा वाजवत आम्ही ओढ्यावर गेलो. पाणी गढूळ, भरून चाललेले. वळणावर नाव बाभळीच्या काट्यांत अडकली. ती सोडवायला शिंपी धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात उतरले. मग मोरीच्या एकाच कमानीखालून दिवा पलीकडे गेला.

त्यानंतर आप्पांनी ओढ्यावर कधी कोणाला हटकले नाही. ते आता नाहीत. पण मी शेवटचा वालूरला गेलो तेव्हा एक गडी बैल पाण्यात घालत होता, आणि आपल्या दुकानातून म्हातारे शिंपी हातात कात्री घेऊनच धावत आले. "ए, जरा बाजूला घे! खालच्या अंगाला आप्पाचं गाव हाय!"