हात तेवढा ठेवला

मुख्याध्यापिका मॅडमनी माझ्यासमोर लाल पेनाने दोन ओळींवर काट मारली. एक ओळ विहाराची. दुसरी माझ्या आईची.

“शाळा एका छोट्याशा खोलीत सुरू झाली, एवढं बास,” म्हणाल्या. “राग मानू नका हं. नवीन टॉवरमधले पालक उगाच वेगळा अर्थ काढतात.”

कसला वेगळा अर्थ? “हो मॅडम” म्हणाले, खाली बसून अख्खा मजकूर फेअर करून दिला.

मी या शाळेत क्लार्क. अकरा वर्षं झाली, अजून कायम नाही. दर जूनला नवीन ऑर्डर. पोरगा इथेच नववीत. तोंड उघडायची सोय नाही, आणि मॅडमना ते पक्कं माहीत. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. माझं मराठी बरं, म्हणून शाळेचा इतिहास लिहायचं माझ्याच गळ्यात पडलेलं.

खरा इतिहास शहाडच्या आमच्या चाळीला पाठ आहे. शाळेला कुणी जागा देईना, तेव्हा चाळीने आपलं बुद्धविहार दिलं. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या भिंतीला काळा रंग फासून फळा केला. रविवारी वंदना, बाकी दिवस बाराखडी. आई सतरंज्या झटकायची, घंटा वाजवायची, पोरांची नाकं पुसायची. संस्थापक गुरुजींचा मुलगा भारी रडका. आईचा पदर सोडायचा नाही. तो आता संस्थेचा अध्यक्ष आहे.

आठवड्याने छापखान्यातून प्रूफ आलं. पहिल्या पानावर पहिल्या वर्गाचा जुना फोटो. वरून बाबासाहेब कापलेले. बाजूने आई कापलेली. पण तिचा हात काही कापता आला नाही. तो अध्यक्षांच्या खांद्यावर होता ना! हात काढायचा तर साहेबांचा खांदा गेला असता. मनगटावरचं गोंदण स्पष्ट दिसत होतं. खाली संकलक म्हणून माझी सही हवी होती.

प्रूफ घरी नेलं. आईला दाखवलं.

“जाऊ दे गं. लेकरू शिकतंय तिथं. गप सही कर,” ती म्हणाली. मग चष्मा लावून फोटो जवळ धरला. गोंदण ओळखलं.

“हात तेवढा ठेवला व्हय? कामाचा म्हणून?”

आणि भाकऱ्या थापायला उठली. काट मॅडमनी मारली, पण त्या ओळी गाळलेला कागद माझ्या अक्षरातला. माझ्या आईला मीच पुसलं. थू त्या अक्षरावर!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, “सही झाली ना?”

“नाही झाली. करणारही नाही.”

“अहो, जून आलाच. विसरलात का?”

“नाही विसरले.”

मी त्यांच्याच टेबलावरचं लाल पेन उचललं, फोटोखाली लिहिलं: साहेबांच्या खांद्यावरचा हात शेवंताबाईंचा. जागा, आमचं बुद्धविहार.

“हे कुणी छापणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

नका छापू. विहारातला फळा अजून तिथेच आहे. ऑर्डर येवो न येवो, शाळेचा इतिहास मी त्या भिंतीवर लिहिणार. पहिली ओळ आईची. आणि यापुढे फेअर करून द्यायला मी नाही.